केस कापायच्या मशीनच्या पात्यांना घरी धार लावणे: कुठवर जमते, कुठे थांबावे?

जांबोटी_रस्ता

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात राहतो. २०२० सालच्या टाळेबंदीत सलून बंद झाले तेव्हा आमच्या घरात विजेवर चालणारे केस कापायचे मशीन आले आणि सलून उघडल्यानंतरही ते कपाटात गेले नाही, कारण घरात माझ्यासकट चार पुरुष आहेत आणि महिन्याकाठी प्रत्येकाला बेळगावला पाठवण्यापेक्षा अंगणात खुर्ची टाकणे सोपे पडते. मागच्या वर्षी हे मशीन केस ओढू लागले. धाकट्या मुलाने अर्ध्यातच खुर्चीवरून उठून विचारले, "बाबा, तुम्ही केस कापताय की उपटताय?" त्या प्रश्नापासून हा उद्योग सुरू झाला. त्यात मी पात्यांची एक जोडी पूर्ण वाया घालवली आणि दुसरी सुधारली. दोन्हींची हकीकत लिहितो, म्हणजे निदान पहिली चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होणार नाही.

पहिल्या जोडीचे असे झाले. विळीला आणि कोयत्याला धार लावण्याची सवय असलेल्या माणसाला जे सुचेल तेच मला सुचले. खिडकीची जाड काच ओट्यावर ठेवली, तिच्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा कागद; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) पसरला, पाणी शिंपडले आणि दोन्ही पाती पालथी धरून वीस मिनिटे घासली. शेवटी १००० नंबरच्या कागदाने असे घासले की पात्यात तोंड दिसावे. मोठ्या अभिमानाने मशीन जोडले आणि स्वतःच्याच मनगटावरच्या केसांवर चालवले, तर एक केस तुटेना. शिवाय दोन मिनिटांत पाते इतके तापले की हात मागे घ्यावा लागला. आधी निदान ओढून का होईना कापत होते. आता तेही गेले.

असे का झाले हे समजायला मला बराच वेळ लागला, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो. मशीनमध्ये दोन पाती असतात. खालचे स्थिर असते, वरचे त्याच्यावर डावीकडून उजवीकडे सरकत असते, आणि दोघांच्या दात्यांमध्ये सापडलेला केस कात्रीत सापडल्यासारखा कापला जातो. याचा अर्थ असा की धार ही विळीसारखी टोकाला नसते. दात्याची सपाट बाजू आणि दात्याची उभी बाजू जिथे काटकोनात मिळतात त्या कडेला ती असते. म्हणून दोन दात्यांच्या मधल्या खाचेत कानस घालण्याचा मोह कितीही झाला तरी तो आवरावा, कारण खाच रुंदावली की ती पुन्हा अरुंद करण्याचा उपाय जगात नाही. घासायची असते ती फक्त एकमेकांना चिकटणारी बाजू.

आणि खरी मेख याच बाजूत आहे. ती डोळ्यांना सपाट दिसते, पण सपाट नसते. कारखान्यात ती अगदी किंचित खोलगट घासलेली असते. ही खोली कागदाच्या जाडीहूनही कमी असते. पाते उजेडासमोर धरून त्याच्यावर दात्यांकडून पाठीकडे स्टीलची पट्टी उभी ठेवली, तर मधून उजेडाची एक बारीक रेघ दिसते. मी नव्या जोडीवर हे पाहिले तेव्हा प्रथम वाटले की पाते वाकडे आले आहे. खोलगटपणामुळे दोन पाती पुढे दात्यांच्या रांगेशी आणि मागे पाठीच्या पट्टीशी एवढीच टेकतात, स्प्रिंगचा सगळा दाब धारेवर येतो आणि मधला भाग मोकळा राहिल्याने घर्षण कमी होते. मी वीस मिनिटे घासून नेमकी ही खोली काढून टाकली होती. दोन सपाट पाटे एकमेकांवर घासत होते. दाब सगळीकडे विभागला गेला, पाती तापली आणि केस दोघांच्या मधून वाकून निसटू लागला.

दुसऱ्या जोडीला मी जे केले ते असे. कागद १००० नंबरचा घेतला आणि काच मात्र तीच. घासण्याआधी दोन्ही पात्यांच्या आतल्या बाजूला जाड काळ्या मार्करने शाई फासली. जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक पात्याच्या पाठीला चिकटवले, कारण बोटांनी धरले की एका बाजूला जास्त दाब पडतो आणि बोटेही सोलतात. मग दात्यांच्या दिशेने, हाताच्या वजनापेक्षा अधिक दाब न देता, पाते माझ्याकडे ओढले, उचलले, पुन्हा ठेवले, पुन्हा ओढले. चार वेळा ओढून उलटे करून पाहिले तेव्हा शाई दात्यांच्या टोकांवरून आणि मागच्या पट्टीवरून गेलेली होती, मध्ये काळी पट्टी जशीच्या तशी होती. उजवीकडच्या शेवटच्या तीन दात्यांवर मात्र शाई शिल्लक होती. ते तीन दाते इतरांपेक्षा झिजलेले होते, आणि केस ओढले जात होते तेही त्याच बाजूला. आणखी सात-आठ वेळा ओढल्यावर त्या तीन दात्यांवरची शाईही गेली, आणि मी तिथेच थांबलो. शेवटी २००० नंबरच्या कागदावर पाच-सहा हलके हात दिले, पाती धुतली, पुसली, केस वाळवायच्या यंत्राने कोरडी केली, तेलाचे तीन थेंब दिले आणि जोडली.

तर मला जे उमगले ते हे की काळी पट्टी मध्ये शिल्लक आहे तोवर आपण धार लावत असतो आणि ती पुसट होऊ लागली की पाते मारत असतो. माझे दोन प्रश्न आहेत. एकदा गेलेली खोली घरी परत आणता येते का, म्हणजे माझी पहिली जोडी वाचेल का? आणि अशी हलकी धार एका जोडीला किती वेळा लावता येते?

शहापूर_सलूनवाला

जांबोटीकर साहेब, तुमचे लिखाण वाचून आनंद झाला, पण एका गोष्टीसाठी तुमचा कान धरतो. तुम्ही थेट घासायलाच कसे लागलात? बेळगावच्या शहापुरात माझे दुकान आहे, आणि ज्या गिऱ्हाइकांनी घरी मशीन घेतली आहे त्यांच्यापैकी कोणी ना कोणी दर आठवड्याला "धार गेली" म्हणून मशीन पिशवीतून आणतो. माझ्या अंदाजाने दहातल्या सहा-सात मशीनची धार गेलेली नसते. पात्यांच्या मध्ये केसांचा आणि तेलाचा वाळलेला लगदा बसलेला असतो, त्यामुळे वरचे पाते खालच्या पात्यापासून उचलले जाते आणि केस कापला न जाता दोघांत चिमटला जातो. ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते उस्ताद गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारत, "काय, पात्याला तेल घालूलासा की नुस्तं चालवूलासा?"

म्हणून माझा क्रम वेगळा आहे. मशीनची वायर काढायची, दोन स्क्रू सोडवून पाती वेगळी करायची, जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने दात्यांच्या मुळातला लगदा काढायचा, स्पिरिट पूर्ण उडून गेले की शिवणयंत्राचे पातळ तेल दोन्ही टोकांना, मध्ये आणि मागच्या पट्टीवर एकेक थेंब द्यायचे. पाते जोडताना खालच्या पात्याच्या टोकांपेक्षा वरच्या पात्याची टोके सुमारे एक मिलिमीटर मागे राहतील आणि दोन्ही रांगा समांतर दिसतील असे पाहायचे. ही समांतरता थोडी जरी चुकली तरी एका बाजूला मशीन छान कापते आणि दुसऱ्या बाजूला ओढते, आणि माणूस म्हणतो की अर्धी धार गेली. तुमचे ते तीन दाते खरोखरच झिजले होते की पाते तिरके बसले होते, याची मला अजून शंका आहे. आजकालची मुले टोके अगदी बरोबरीला आणून 'झिरो' करा म्हणतात. ते दुकानात, हात बसलेल्या माणसाने करावे. घरी लहान मुलाच्या कानामागे ते रक्त काढते.

दुसरी गोष्ट म्हणजे बाजूचा स्क्रू. वायरीवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या मशीनमध्ये फिरणारी मोटर नसते. एक विद्युतचुंबक असतो आणि तो लोखंडी दांडीला ओढतो-सोडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्या प्रत्येक आवर्तनात चुंबक दोनदा ओढतो, म्हणून पाते सेकंदाला १०० वेळा, मिनिटाला ६००० वेळा हलते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तिथल्या खोक्यावर ७२०० लिहिलेले असते आणि लोकांना वाटते की आपल्याला कमी ताकदीचे मशीन दिले. (अशा मशीनचा जन्मही तिथलाच. इलिनॉय राज्यातल्या स्टर्लिंग गावी लिओ वॉल यांनी १९१९ साली आपल्या विजेच्या मशीनच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.) तर तो बाजूचा स्क्रू मशीन चालू ठेवून, खडखडाट सुरू होईपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवायचा आणि मग खडखडाट थांबेपर्यंत हळूहळू उलटा आणायचा. त्या ठिकाणी पात्याला पूर्ण झोका मिळतो. स्क्रू ढिला पडलेल्या मशीनचे पाते अर्धवट झोक्याने चालते आणि दोष धारेच्या माथी जातो.

इतके करून बघा. यानंतरही ओढत असेल तरच कागद हातात घ्या.

जांबोटी_रस्ता

काका, कान धरलात ते योग्यच केले. पहिल्या जोडीच्या वेळी मी यातले काहीच केले नव्हते. तेल तर वर्षभर घातले नव्हते. दुसऱ्या जोडीच्या वेळी साफसफाई आणि तेल आधी केले होते, पण समांतरता डोळ्यांच्या अंदाजाने पाहिली होती, त्यामुळे तुमची शंका मी पूर्ण फेटाळू शकत नाही.

निवृत्त_टूलरूम

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी सव्वीस वर्षे टूलरूममध्ये (कारखान्याची हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागात) काढली, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. गेलेली खोली सपाट काचेवर कधीही परत येणार नाही, कारण सपाटावर घासलेली वस्तू सपाटच होते. त्यासाठी बिडाची किंवा ॲल्युमिनियमची फिरती तबकडी लागते, आणि ती तबकडी मध्यापासून कडेकडे अगदी किंचित उतरती केलेली असते. तिच्यावर तेलात कालवलेली, घासणारी बारीक पूड पसरतात आणि पाते तिच्यावर धरतात. तबकडीचा फुगवटा पात्यात उलटा उतरतो, तोच खोलगटपणा. अशी तबकडी लेथवर काढून घेता येते, आणि बेळगावात बिडाचे ओतकाम व लेथ यांची वाण नाही, पण दोन जोड्यांसाठी हा खटाटोप परवडणार नाही. तुमच्या पहिल्या जोडीला निरोप द्या.

आता "सरफेस ग्राइंडरवर (वस्तू अचूक सपाट घासणाऱ्या यंत्रावर) का नाही?" असा प्रश्न येण्याआधीच सांगतो. माझ्याच एका नातेवाइकाने सलूनमधल्या पाच जोड्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन सरफेस ग्राइंडरवर मारून आणल्या. काम देखणे झाले होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सपाट, आणि म्हणूनच पाचही जोड्या निरुपयोगी. त्यात भर म्हणजे ग्राइंडरच्या चुंबकी चकवर (वस्तू पकडून ठेवणाऱ्या पाटावर) बसल्याने पात्यांत चुंबकत्व उतरले होते, आणि लोखंडाचा कीस दात्यांच्या मुळाशी मिशांसारखा चिकटून राहिला होता. तो कीस काढल्याशिवाय मशीन चालवले की पाती एकमेकांना आतून ओरबाडतात. जांबोटीकर, तुमच्या स्पीकरच्या चुंबकाचाही हाच धोका आहे. पाते धरायला चुंबक चांगला, धार लावणारे व्यावसायिकही तो वापरतात, पण नंतर ते चुंबकत्व उतरवतात. तुम्ही निदान एक सुई दात्यांजवळ नेऊन पाहा. सुई ओढली जात असेल तर पाते चिकणमातीच्या गोळीवर किंवा चिकटपट्टीवर दाबून कीस उचलून घ्या आणि मगच तेल द्या.

बेंच ग्राइंडरचा, म्हणजे मोटरवर जोरात फिरणाऱ्या धारेच्या दगडाचा, तर विचारही नको. साध्या पोलादाचे पाते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की त्यावर निळी झाक येते. निळे दिसले म्हणजे पात्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले. पातळ दात्याला निळे व्हायला काही क्षण पुरतात, आणि पाणी उतरलेल्या दात्याला कितीही धार लावली तरी ती आठवडाभरही टिकत नाही. पाण्यात भिजवलेल्या कागदावर हाताने ओढण्याचा फायदा हा की त्यात पाते तापण्याची शक्यताच नसते.

"किती वेळा" याचे उत्तर आकड्यात देणे कठीण आहे, पण हिशेब सांगतो. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. धारेची कड त्या मापाच्या जवळपास गोल झाली की केस कापला जाण्याऐवजी त्या गोलाईवरून घसरतो. म्हणजे धार परत आणायला सपाट बाजूवरून तितकाच थर काढावा लागतो, आणि पात्याची खोलीही त्याच मापाच्या घरातली असते. कड जरा कुठे बोथट व्हायला लागल्यावर दहा-बारा हात दिले तर खोलीचा थोडाच भाग खर्च होतो. ठार बोथट होईपर्यंत थांबून मग अर्धा तास घासलेत तर एकाच वेळी सगळी पुंजी उडते. तुमची शाईची युक्ती म्हणूनच मला आवडली. आम्ही टूलरूममध्ये निळी शाई लावून हेच करत असू.

जाता जाता एक. आपण मराठीत 'सहाण' म्हणतो, माझे कन्नड सहकारी धारेच्या दगडाला 'साणे' म्हणत, आणि दुकानात कोणीही काहीही मागितले तरी दगड एकच मिळे.

टिळकवाडी_गृहिणी

मी घरी दोन मुलांचे केस कापते. माझ्या मशीनचे वरचे पाते पांढऱ्या सिरॅमिकचे आहे. त्यालाही हाच कागद चालेल का? आणि आमच्याकडे तेल म्हणून खोबरेल वापरतात. उन्हाळ्यात ठीक चालते, डिसेंबरात मशीन सुरुवातीला नुसते गुरगुरते.

निवृत्त_टूलरूम

ताई, सिरॅमिकच्या पात्याला हा कागद लावू नका. ते पाते बहुधा झिर्कोनियाचे असते आणि पोलादापेक्षा पुष्कळ कठीण असते. त्याच्यासाठी हिऱ्याच्या पुडीचा पाटा लागतो. त्याला गंज लागत नाही, ते कमी तापते आणि धारही जास्त दिवस धरते, पण फरशीवर पडले की दाता तुटतो. त्या मशीनमध्ये फक्त खालच्या पोलादी पात्याला हलके हात द्या. सिरॅमिक झिजले असेल किंवा दाता उडाला असेल तर तेवढेच पाते नवीन आणा.

शहापूर_सलूनवाला

आणि वहिनी, खोबरेल आजपासून बंद. ते सुमारे २४ अंशांखाली थिजते, आणि बेळगावच्या थंडीत सकाळी बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब पडत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. जे तेल बाटलीत थिजते ते पात्यांच्या मध्येही थिजते. वर ते केसांची भुकटी धरून ठेवते. शिवणयंत्राच्या तेलाची छोटी बाटली घ्या, घरगुती वापरात ती वर्षानुवर्षे पुरते.

अथणी_मेंढरंवाला

विषय माणसांच्या केसांचा आहे, पण धारेचा म्हणून लिहितो. आमच्याकडे दख्खनी मेंढरांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. वडील हातकातरीने कातरत, मी तीन वर्षांपूर्वी मशीन घेतले. त्यात खाली तेरा दात्यांची फणी आणि वर चार टोकांचा कटर असतो. पहिल्या दिवशी आठव्या मेंढराला कटर ओढू लागला, तेव्हा मला वाटले की दुकानदाराने फसवले. वडिलांनी विचारले, "मेंढरं धुतलीस का?" मी धुतली नव्हती. हातकातरीच्या काळात आधी कृष्णेच्या पाण्यात मेंढरे धुऊन, वाळवून मगच कातरायला घेत, आणि मला तो केवळ रिवाज वाटत असे. न धुतलेल्या लोकरीत वाळू आणि माती भरलेली असते, आणि पोलादाची धार लोकरीने जाते त्याहून लवकर वाळूने जाते. दुसऱ्या खेपेला धुऊन घेतले, तर तोच कटर कितीतरी जास्त मेंढरांना पुरला.

आमची फणी आणि कटर मीच घासतो. मोटरवर फिरणारी तबकडी आहे, तिच्यावर एमरी पेपर चिकटवायचा, आणि वरून लोंबणाऱ्या दांडीच्या टोकाला फणी अडकवून ती तबकडीवर टेकवायची. दांडीमुळे कोन बदलत नाही. टूलरूमवाल्या काकांनी सांगितलेला उतार माझ्या तबकडीलाही आहे. तो कशासाठी आहे हे मात्र आज कळले. माणसांच्या मशीनचे पाते या तबकडीवर टेकवण्याचा प्रयोग मी केला नाही आणि करणारही नाही, कारण मोटरचा वेग आणि कागदाचा खरखरीतपणा लोकरीच्या जाड फणीसाठी आहे. तुमचे नाजूक दाते तो एका क्षणात खाईल.

शहापूर_सलूनवाला

अथणीच्या भावांनी माझ्या मनातले लिहिले. माझ्या दुकानात फाउंड्रीत मोल्डिंगचे काम करणारी मुले येतात. शिफ्ट सुटली की तशीच येतात आणि केसांत ओतकामाची वाळू असते. रंगपंचमीनंतरच्या दोन दिवसांत रंगाची खर असते. एका डोक्यात नवे पाते बोथट झालेले मी पाहिले आहे. आता मी आधी डोके धुऊन, पुसून, कोरडे करून घेतो. गिऱ्हाईक म्हणते की मामा पैसे वाढवायला धुतात. म्हणू दे.

घरगुती_प्रयोगी

पुष्कळ ठिकाणी सांगतात की ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या घड्या मशीनने कापल्या, किंवा पात्यांच्या मध्ये टूथपेस्ट घालून मशीन चालवले, तर धार येते. कोणी करून पाहिले आहे का?

निवृत्त_टूलरूम

फॉइल पोलादापेक्षा फार मऊ असते. तिने पोलाद झिजत नाही, म्हणजे धार येत नाही. कडेला लोंबणारी एखादी बारीक बर (धातूची कुसळ) तुटून थोडा फरक जाणवू शकतो, पण गोल झालेली कड फॉइलने पुन्हा काटकोनी होणार नाही. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते खरी, पण मशीन चालू असताना ती फक्त धारेवर राहत नाही. मागच्या पट्टीत, स्प्रिंगच्या टोकात, प्लॅस्टिकच्या खोबणीत सगळीकडे शिरते आणि तिथेही झीज करते. गॅरेजमधली व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट घालणाऱ्यांना तर हात जोडतो.

जांबोटी_रस्ता

दोन महिन्यांनी पुन्हा लिहितो आहे, कारण मध्ये पावसाळा गेला. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. भिंतीतून पाणी झिरपते आणि कपाटातल्या पट्ट्यांच्या बकलांना गंज चढतो. सुधारलेली जोडी मी तेल लावून, तेलकट फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली होती. वाया गेलेली पहिली जोडी मुद्दाम तशीच उघडी ठेवली. श्रावण संपेपर्यंत तिच्या दात्यांच्या कडांवर तांबूस ठिपके आले, आणि भिंगाखाली पाहिले तर ठिपक्याच्या जागी कड दातरी झालेली होती. म्हणजे माझ्यासारख्या घाटमाथ्यावरच्या माणसाच्या पात्याची धार केसांनी जाण्याआधी गंजानेच जात असावी.

टूलरूमवाल्या काकांच्या सांगण्यावरून सुई नेऊन पाहिली. सुई ओढली गेली. चिकटपट्टी दात्यांवर दाबून उचलली तेव्हा तिच्यावर राखाडी धुरळ्याची, दात्यांच्या अंतराअंतराने पडलेली एक रांग उमटली. दोनदा धुऊन, पुसून स्वच्छ समजलेल्या पात्यावरचा हा कीस होता. आता मी चुंबक सोडला आहे आणि पात्याच्या पाठीला लाकडाचा चपटा तुकडा दुहेरी चिकटपट्टीने लावून धरतो.

सलूनवाल्या काकांची शंकाही तपासली. पाते सोडवून, टोके नीट समांतर करून पुन्हा जोडले आणि ओल्या कापसाचा विरळ पापुद्रा दात्यांच्या पूर्ण रुंदीवर कापून पाहिला. डावीकडे आणि मध्ये कापूस सरळ कापला गेला. उजवीकडे शेवटच्या दोन दात्यांपाशी धागे निघाले. म्हणजे तीनपैकी एका दात्याचा दोष माझ्या जोडणीचा होता आणि दोन दाते खरेच मागे आहेत. आता शाई लावून आणखी चार हात द्यावेत की दोन दात्यांसाठी सगळ्या पात्याची खोली खर्च करू नये, हा प्रश्न उरला आहे.

शहापूर_सलूनवाला

देऊ नका. शेवटचे दोन दाते केस कापताना क्वचितच कामाला येतात. सगळा भार मधले दाते उचलतात. मशीन डोक्यावर नेताना किंचित डावीकडे झुकवून धरा. मध्येही धागे निघू लागले की त्या दिवशी शाई काढा.

आणि ती पहिली जोडी फेकू नका. बेळगावला आलात की शहापुरात घेऊन या, फक्त मंगळवार सोडून, त्या दिवशी माझे दुकान बंद असते. नवी पोरे शिकायला येतात, त्यांना सपाट पाते कसे दिसते ते पट्टीखाली धरून दाखवायला माझ्याकडे नमुना नाही.

जांबोटी_रस्ता

बुधवारी सकाळच्या बसने येतो. गंजलेली आहे, चालेल ना?

शहापूर_सलूनवाला

गंजासकट आणा. पुसू नका.